चीनमधून स्वतःची गाडी: एजन्सीचं पॅकेज घेताना काय तपासावं

परदेशी नंबरची गाडी चीनमध्ये एकट्याने फिरवता येत नाही. एजन्सी, तिने दिलेला गाइड आणि आधी मंजूर झालेला मार्ग, तिन्ही लागतातच. मग निवड उरते ती एजन्सीची, आणि तिथे बहुतेक जण हॉटेलांची यादी बघत बसतात. हॉटेलं कुठलीही चालतात. पैसे मोजायचे ते कागदांचे आणि सीमेवरच्या पहिल्या दोन दिवसांचे.

कोटेशन दोन भागांत मागा. कस्टम्सची हमी (गाडी देशाबाहेर परत जाईल याची), परवानग्या, विमा, तात्पुरता वाहन चालवण्याचा परवाना आणि नंबर प्लेट हा खर्च पाच दिवसांना जवळपास तेवढाच, वीस दिवसांनाही तेवढाच. गाइडचा रोज, त्याचं जेवणखाण, मुक्काम आणि परतीचं भाडं हे दिवसांवर चढतं. तीन-चार गाड्यांचा ताफा असला तर गाइडचा खर्च वाटला जातो. मात्र तो बसणार आपल्याच एखाद्या गाडीत, तेव्हा एक सीट पूर्ण मोकळी हवी. छतापर्यंत सामान रचल्यावर हे आठवून उपयोग नाही. एकच गोळाबेरीज आकडा देणाऱ्या एजन्सीकडून पुढे ‘हे वेगळं, ते वेगळं’ निघतंच.

अर्ज दोन-तीन महिने आधी सुरू करावा. घोटाळा बहुधा चॅसी नंबरात होतो. आजच्या गाड्यांचा नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. अर्जात ओ दिसला तर तो शून्याच्या जागी चुकून पडलाय, डोळे मिटून समजा. सीमेवर नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघतात. जुळला नाही तर गाडी यार्डात उभी. चांगली एजन्सी अंतिम अर्जाची प्रत न मागता पाठवते. मागूनही टाळाटाळ करणारीला तिथेच रामराम ठोकावा.

किर्गिझस्तानातून तोरुगार्त खिंडीने (३,७५२ मीटर) येणाऱ्यांनी वारांचा हिशेब नीट करावा. शनिवार-रविवार आणि दोन्ही देशांच्या सुट्ट्यांना ही सीमा सहसा बंद असते. १ ऑक्टोबरपासूनची चिनी राष्ट्रीय सुट्टी तर हमखास आडवी येते. चीनचं घड्याळ बिश्केकच्या दोन तास पुढे, आणि चिनी कस्टम्स खिंडीच्या शंभरेक किलोमीटर खाली. सकाळ गाठली नाही तर दिवस गेला. पुढे काशगर या पहिल्या मोठ्या चिनी शहरात ब्रेक आणि दिव्यांची तपासणी. गाडी कायम फोर-व्हील ड्राइव्हची (चारही चाकांना सतत इंजिनाचा जोर मिळणारी) असेल तर ब्रेक तपासण्याच्या रोलरवर चढवण्याआधी गाइडकरवी तंत्रज्ञाला तसं सांगा, नाहीतर मागची चाकं गाडी रोलरवरून ढकलून देतात. आंतरराष्ट्रीय परवाना चीन मानत नाही, त्यामुळे तिथला तात्पुरता काढावाच लागतो. तो जास्तीत जास्त तीन महिन्यांचा. शुक्रवारी संध्याकाळी काशगरला पोचलेली गाडी सोमवारपर्यंत हलत नाही, म्हणून प्रवेश आठवड्याच्या सुरुवातीलाच ठेवा.

रस्ते उत्तम, त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. चीनमध्ये गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत टोलचं कार्ड डावीकडे बसलेल्या गाइडलाच घ्यावं लागतं, आणि ट्रकच्या मागून बाहेर डोकावून ‘आता काढ’ म्हणणाराही तोच; म्हणून झोपाळू गाइड महागात पडतो. डिझेलवाल्यांनी पंपावरचा आकडा वाचावा. शून्य नंबरचं डिझेल साधारण ४ अंश सेल्सिअसच्या वर चालतं. उणे १० नंबरचं उणे ५ पर्यंत, उणे २० चं उणे १४ पर्यंत. सपाटीवर टाकी शून्य नंबरने भरून रात्री पामीरकडे चढलात तर डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो आणि सकाळी गाडी घसा खाकरून गप्प. गूगलच्या नकाशावर रस्ता आणि आपला ठिपका शेकडो मीटर सरकलेले दिसतात, कारण चिनी नकाशे मुद्दाम वेगळी निर्देशांक पद्धत वापरतात. अमॅप हे चिनी नकाशांचं अ‍ॅप किंवा ऑफलाइन ओपनस्ट्रीटमॅप घ्या.

तिबेट जोडायचा असेल तर ते जवळजवळ दुसरंच पॅकेज समजा: वेगळा प्रवास परवाना, तिबेटचा वेगळा गाइड, आणि बहुतेक वर्षी फेब्रुवारीअखेर ते मार्चअखेर परदेशी पर्यटकांना दारं बंद.

करारातलं एक कलम मात्र सही करण्यापूर्वी दोनदा वाचावं: गाडी वाटेत कायमची बिघडली तर काय? हमी एजन्सीची असते, आणि गाडी ठरल्या सीमेवरून बाहेर पडली नाही तर कस्टम्स एजन्सीकडून शुल्क वसूल करतं. ते ती आपल्याकडून काढणारच. टो करून सीमेपर्यंत नेण्याचा खर्च कोणाचा, अनामत किती आणि किती दिवसांत परत, हे आकड्यांत लिहून घ्यावं. बाहेर पडताना गाडीच्या तात्पुरत्या आयातीची नोंद बंद झाल्याच्या कागदाचा फोटो गाइड समोर असतानाच काढून ठेवा. तो काशगरची बस पकडून गेल्यावर कागद मागत बसायची वेळ येते.