ईएसपी सफाईवाले: हात चांगला, अ‍ॅपने मात्र वैताग आणला

आमचा प्लांट चेंबूरच्या पुढे, माहुल साइडला. कोळशाचा बॉयलर आणि त्याच्या मागे तीन फील्डचा (म्हणजे एकामागे एक तीन भागांचा) जुना ईएसपी, धुरातली राख विजेच्या जोरावर प्लेटांवर पकडणारं यंत्र. एजन्सीचं नाव टाकत नाही, कारण पुढे तक्रार पण आहे आणि त्यांचं अर्धं बिल आमच्या अकाउंट्समध्ये अडकलंय, उगाच भानगड नको.

आधी मागच्या वर्षीचं ऐका. तेव्हा स्वस्तातला एक कॉन्ट्रॅक्टर आणला होता, त्याने वॉटर जेट मारून एका शिफ्टमध्ये प्लेटा चकाचक केल्या, फोटो पण भारी पाठवले, आम्ही सही करून मोकळे. खाली हॉपरमध्ये, म्हणजे राख जमा होते त्या नरसाळ्यात, ओली राख तशीच राहिली ते कोणी बघितलंच नाही, आणि ती राख एकदा बसली की सिमेंटच हो. दोन दिवस दोन पोरं छिन्नी-हातोडा घेऊन आत. पाण्याने धुवायचं तर पूर्ण धुवा, हॉपर रिकामा करा, गरम हवा सोडून खडखडीत वाळवा, नाहीतर पाण्याला हातच लावू नका.

यावेळच्या माणसाने आल्या आल्या चहासुद्धा न घेता विचारलं, "साहेब, सहा महिन्यांचं लॉगबुक आहे का?" तिथेच मला बरं वाटलं. बॉयलर बंद झाल्यावर, आत शिरायच्या आधी, त्यांनी नुसत्या हवेवर व्होल्टेज हळूहळू चढवलं आणि प्रत्येक टप्प्याला किती मिलीअँपिअर येतो ते कागदावर उतरवलं, सफाई झाल्यावर परत तेच. आमचं दुसरं फील्ड आधी ३२ केव्हीलाच (किलोव्होल्ट) ठिणग्या मारत होतं, नंतर ४८ पर्यंत शांतपणे चढलं. सफाईचं बिल कशाचं द्यायचं तर या दोन आकड्यांचं, फोटो काय कोणीही काढतो.

आत जायची घाई आमच्याच काकांना होती. "अहो सप्लाय बंद आहे ना, चला की." तो माणूस हलला नाही. ट्रान्सफॉर्मर लॉक, चावी स्वतःच्या खिशात, प्लेटांमधल्या हाय व्होल्टेजच्या इलेक्ट्रोडला अर्थिंग रॉड लावला, ऑक्सिजन मीटर आत सोडून बघितला, मग पहिला पाय. सप्लाय तोडला तरी आत चार्ज उरलेला असू शकतो हे काकांना वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं वाटतं.

खरी चूक सापडली वरच्या सपोर्ट इन्सुलेटरवर, ज्यावर इलेक्ट्रोड टांगलेले असतात. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी काळी रेघ. मी म्हटलं पुसून टाक, तर म्हणतो नखाने खरवडून बघा साहेब. बघितलं, जाईना. इन्सुलेटरचा हीटर कधीतरी जळलेला, मग जुलैच्या दमट हवेत त्याला घाम फुटणार, त्यावर राख चिकटणार आणि करंट वरच्या वरच सरकत जाणार, म्हणजे आम्ही पावसाळाभर व्होल्टेज सांभाळणाऱ्या कंट्रोलरला शिव्या देत होतो ते फुकटच. शिवाय रॅपिंगच्या, म्हणजे प्लेटांवर ठोके देऊन राख झटकणाऱ्या, एका हातोड्याची पिन तुटलेली, त्या रांगेतल्या प्लेटांवर राखेचा जाड थर.

रॅपिंगचं टायमिंग पण बदलून दिलं. सगळ्यात जास्त धूळ पहिलं फील्ड पकडतं, तिथे हातोडा वारंवार पडायला हवा, आणि शेवटच्यावर कमी, कारण तिथून झटकलेली राख पकडायला पुढे कोणी नाही, ती सरळ चिमणीतून बाहेर. आम्ही तिन्हींना एकच टायमर लावला होता. दर वेळी चिमणीच्या मीटरवर उंच टोक यायचं, आणि २०१४ मध्ये सीपीसीबीने (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मीटर लावायला सांगितल्यापासून असं टोक फक्त आपल्यालाच दिसतं असं नाही राहिलं.

आता तक्रार. ईएसपीवर नजर ठेवणारं याच एजन्सीचं मॉनिटरिंगचं अ‍ॅप. प्रत्येक ठिणगीला मेसेज! अरे, ईएसपीत थोडी ठिणगी पडतेच, कंट्रोलर मुद्दाम तिथपर्यंत व्होल्टेज नेतो, त्यात सांगण्यासारखं काय? एका रात्री १४० मेसेज आले आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी हॉपर भरल्याचा खरा मेसेज गाडला गेला. राख वर चढून इलेक्ट्रोडला टेकली, केव्ही शून्याजवळ, करंट फुल, फील्ड ट्रिप. सकाळी फोन केला तर यांचा इंजिनीअर डोंबिवलीहून निघालेला, कुर्ल्याला पाणी, हार्बर बंद, बिचारा संध्याकाळी पोचला. त्याचा दोष नाही, पण अ‍ॅपची सेटिंग दुरुस्त करायला पुढे आठ दिवस लावले, तो त्यांचाच.

सफाईला पाचपैकी साडेचार, अ‍ॅपला दीड. पुढच्या वर्षी सफाई यांनाच देणार, अ‍ॅपचे पैसे वेगळे दाखवा म्हणून सांगितलंय. तोवर आमच्या इलेक्ट्रिशियनने हॉपरच्या लेव्हल स्विचवरून थेट कंट्रोल रूममध्ये भोंगा बसवलाय, लोहार चाळीतून आणलेला जुना भोंगा, काका दचकून उठतात.