भाड्याचा छोटा गाळा: जागेवर सुतारकाम की सुटे फर्निचर?

दहा बाय वीस फुटांचा भाड्याचा गाळा, दिवसा कर सल्लागाराचे कार्यालय आणि सुटीच्या दिवशी दहा-बारा जणांचा अकाउंटिंगचा वर्ग, अशी जागा बेताच्या पैशांत उभी करायची झाल्यास निवड बहुधा दोन पर्यायांतून करावी लागते: मिस्त्री बोलावून जागेवर काम करून घेणे, किंवा तयार अथवा जुने सुटे फर्निचर आणणे.

सुतारकामाचे गुण नाकारण्यासारखे नाहीत. खांब आणि वाकडी भिंत सांभाळून इंच न् इंच वापरता येतो, आणि १८ मिलिमीटरच्या चांगल्या प्लायवर सनमायका लावलेले कपाट वर्षानुवर्षे टिकते. तळमजल्यावर पावसाळ्यात ओल येत असेल, तर निदान खालच्या खणांसाठी आयएस ७१० चा, म्हणजे पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, छाप असलेले प्लाय घ्यावे. साधे आयएस ३०३ एमआर प्लाय, जे फक्त हवेतला दमटपणा सोसते, तेथे फुगते. अडचण टेबलांची आहे. भिंतीला ठोकलेले टेबल दोन फूट आणि मागे खुर्ची सरकवायला तीन फूट, म्हणजे दहापैकी पाच फूट रुंदी कायमची गुंतते आणि वर्गाला उरलेल्या पट्टीत बसावे लागते. शिवाय लिव्ह अँड लायसन्स करारात जागा पूर्ववत करून देण्याची अट असेल, तर काम उखडण्याची मजुरीही आपल्याच माथी येते.

सुटी टेबले चार बाय दोन फुटांची घेतल्यास एरवी ती भिंतीशी लावता येतात, दोन जोडली की चौघांची बैठक होते आणि वर्गाच्या दिवशी त्यांच्या रांगा लावता येतात. तयार मालात पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेला) स्वस्त पडतो, पण एकदा उघडून पुन्हा जोडल्यावर त्यात स्क्रू पूर्वीसारखा पकड घेत नाही; म्हणून लोखंडी पायांचे टेबल बरे. मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुने टेबल पाहताना वरच्या चकाकीपेक्षा खालच्या कडा फुगल्या आहेत का ते आडवे करून पाहावे, आणि खुर्ची उंच करून पाच मिनिटे बसून राहावे; उंची धरून ठेवणारी गॅस लिफ्ट गेलेली असेल तर खुर्ची हळूहळू खाली बसते. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

करार तीन वर्षांच्या आतला असल्यास माझा कौल सुट्या फर्निचरला आहे; फायलींसाठी एकाच भिंतीवर कपाट करावे, तेही स्वतंत्र खोक्यांच्या रूपात, म्हणजे पुढे टेम्पोत चढवता येईल. जागा मालकीची असेल आणि वर्ग भरत नसेल, तर मात्र सुतारकामच सरस.

काचेच्या केबिनचा मोह दोन्ही पर्यायांत टाळावा. पार्टिशन छतापर्यंत नेले की एका एसीचा गारवा पलीकडे पोहोचत नाही आणि दुसरा एसी घ्यावा लागतो. वाचलेले पैसे आधी वायरिंगवर घालावेत: दोन्ही लांब भिंतींवर दर चार-पाच फुटांवर प्लग पॉइंट नसतील, तर टेबले सुटी असूनही एक्स्टेन्शनच्या वायरीमुळे जागची हलत नाहीत.