१/७२ डाकोटा: लष्करी किटमधून प्रवासी विमान, काही महिन्यांनंतरचा अनुभव

डाकोटा विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचा किट घ्यावा का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर आधीच सांगतो. जरूर घ्या, पण डब्यात प्रवासी विमान आहे असे समजून घेऊ नका. १/७२ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे, जे डाकोटा मिळतात ते बहुतेक सी-४७ असतात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले सैनिक आणि सामान वाहणारे विमान. चित्रात खिडक्यांची रांग दिसते आणि आपण फसतो. आत भिंतीला लागून बाकडी, डाव्या बाजूला मागे जीप आत जाईल एवढा दुहेरी दरवाजा, कॉकपिटच्या मागे ताऱ्यांवरून दिशा ठरवण्यासाठीचा काचेचा घुमट. प्रवासी विमान यातून आपल्यालाच घडवावे लागते.

मला हे काम मनापासून आवडले, कारण भारतात खऱ्या डाकोटांचेही नेमके असेच झाले होते. डाकोटाचे मूळ नागरी रूप म्हणजे डीसी-३, त्याचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५चे. नागरी डीसी-३ सहाशेच्या आसपासच बनले. युद्धात मात्र याच विमानाच्या लष्करी आवृत्त्या दहा हजारांच्या वर निघाल्या. युद्ध संपले तेव्हा त्यातली कित्येक भारतात होती आणि ती स्वस्तात विकायला निघाली. बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात अनेक विमाने दुरुस्त होऊन नागरी वापरासाठी सज्ज झाली. डेक्कन एअरवेज, कलिंग एअरलाइन्स, हिमालयन एव्हिएशन अशा कंपन्या या डाकोटांवर चालल्या. १९५३ साली राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स उभी राहिली, तेव्हा तिच्या ताफ्यातही सर्वांत मोठी संख्या डाकोटांचीच होती.

मी निवडला तो रात्रीच्या टपालसेवेतला डाकोटा. १९४९च्या जानेवारीअखेर, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना ही सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून विमाने रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र यायची, टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या शहरी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे आपण भूगोलात शिकतो. त्या मध्याचा इतका चोख उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

आता किटबद्दल. मी बांधला तो जुन्या साच्याचा होता, पॅनेलच्या रेषा उठावाच्या, प्लास्टिक थोडे मऊ. खरे विमान साधारण २९ मीटर पंखविस्ताराचे, म्हणजे मॉडेल ४० सेंटिमीटर भरते. घेण्याआधी शोकेसचा कप्पा मोजून घ्या. १/१४४ घेतलेत तर निम्म्या जागेत बसेल, पण मग खिडक्यांच्या आतले काम करण्यात अर्थ उरत नाही. माझ्या मते प्रवासी विमानाची खरी गंमत त्या खिडक्यांतच आहे, म्हणून मी १/७२च सुचवेन.

बाकीची प्रवासी विमाने बांधलेल्यांना मॉडेल शेपटीवर कलंडू नये म्हणून सवयीने नाकात शिसे भरावेसे वाटेल. इथे गरज नाही. डाकोटा शेपटीच्या चाकावर बसते, त्यामुळे वजनाचा प्रश्नच येत नाही. पण त्याच कारणाने जमिनीवर असताना तिच्या केबिनची जमीन चढणीची असते, आणि आसनांच्या पाठी खिडकीतून तिरक्या दिसतात. आसने केबिनच्या जमिनीला काटकोनात, विमानाच्या हिशेबाने लावा, टेबलाच्या हिशेबाने नाही.

आसनांची मूळ मांडणी एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक, अशा सात ओळी आणि २१ प्रवासी. नंतर बऱ्याच ठिकाणी दोन्हीकडे दोन-दोन करून २८ बसवले गेले. मी २१ची ठेवली. एक आसन प्लास्टिकच्या पट्ट्यांतून नीट कोरून केले, त्याचा सिलिकॉनचा साचा घेतला आणि बाकीची रेझिनमध्ये ओतली. पाय केले नाहीत. खिडकीतून फक्त पाठीचा वरचा भाग, डोक्यामागचे पांढरे कापड आणि पडद्याची कड दिसते. पडद्यांसाठी डिंकात भिजवलेला टिश्यू पेपर सुकल्यावर चुण्या अगदी खऱ्यासारख्या धरतो. कॉकपिटमध्येही तेच तत्त्व: इन्स्ट्रुमेंट बोर्ड, वैमानिकांची दोन सुकाणूची चाके, मधला थ्रॉटलचा खांब. छतावरची बटणे रंगवून कोणाला दिसणार नाहीत.

खिडक्यांवर सर्वांत जास्त वेळ द्या. सी-४७च्या खिडक्यांच्या मधोमध एक गोल भोक असायचे, आतल्या सैनिकाला बंदुकीची नळी बाहेर काढता यावी म्हणून. काही किटच्या काचांवर ते वर्तुळ उमटवलेले असते. प्रवासी विमानासाठी ते घासून टाकावेच लागते: आधी १०००चा पाण्याचा पॉलिशपेपर, मग २०००, मग पॉलिशिंग कंपाउंड, म्हणजे काच पुन्हा पारदर्शक होते. काचा बसवताना फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद जवळ आणू नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढरी झाक चढते. मी पांढरा डिंक वापरला आणि कडेची फट यूव्ही रेझिनने भरली. पावसाळा, दिवाळी, थंडी सगळे गेले, अजून एकही खिडकी आत पडलेली नाही. धड बंद केल्यावर खिडकी आत पडली तर ती काढायचा मार्ग नसतो, म्हणून एवढ्या तपशिलाने लिहिले.

आता त्या मोठ्या दरवाजाबद्दल, कारण इथेच मला सर्वांत ठाम मत आहे. मागच्या डाव्या बाजूचा दुहेरी दरवाजा पुट्टीने बुजवून त्या जागी एक छोटा प्रवासी दरवाजा कोरावा, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. अमेरिकेत युद्धाआधी बनलेला डीसी-३ करायचा असेल तर तो बरोबर आहे. भारतीय कंपनीचा करायचा असेल तर थांबा. इथली बहुतेक विमाने युद्धातून आलेली, त्यामुळे मोठ्या दरवाजाची चौकट त्यांच्या अंगावर तशीच राहिली आणि प्रवासी त्यातल्याच छोट्या दरवाजाने चढले. ती रेषा बुजवली की विमानाचा इतिहासच बुजवला. मी ती ठेवली, उलट जरा खोल कोरून घेतली. घुमट मात्र काढला आणि त्या जागी सपाट झाकण बसवले. शेपटीचे टोकही पाहा: ग्लायडर ओढणाऱ्या लष्करी विमानात ते आखूड कापलेले असते, नागरी विमानात निमुळते. माझ्या किटमध्ये आखूड होते. पुट्टीचा गोळा लावून घासून घ्यायला एक संध्याकाळ पुरते.

पंखांबाबत एकच सूचना, पण महत्त्वाची. डाकोटाच्या पंखाचा मधला भाग सपाट असतो आणि बाहेरचे भाग वर उचललेले. हे भाग खऱ्या विमानात बोल्टांनी जोडलेले असतात आणि जोडावर पट्टी दिसते. म्हणजे तिथला सांधा मॉडेलमध्ये पूर्ण गुळगुळीत करायचा नाही. उचल दोन्हीकडे सारखी आहे का, ते समोरून डोळ्यांच्या पातळीवर धरून बघा. मी दोन्ही टोकांखाली सारख्या जाडीचे पुस्तकांचे गठ्ठे लावून सांधा रात्रभर सुकू दिला.

इंजिनांकडेही लक्ष द्यावे, कारण काउलिंगचे, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाचे, तोंड मोठे आहे आणि आतले सगळे दिसते. प्रॅट अँड व्हिटनीचे ट्विन वास्प: दोन ओळींत १४ सिलिंडर, १,२०० अश्वशक्ती. किटमध्ये पुढच्या ओळीचा उठाव बरा होता. तांब्याच्या बारीक तारेने इग्निशनच्या वायरी केल्या. जुन्या चार्जरची केबल सोलली की ही तार फुकट मिळते. क्रँककेस फिकट राखाडी, सिलिंडर गडद धातूचे, त्यावर पातळ काळा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाणीदार रंग. एवढ्यानेच इंजिन जिवंत दिसते. पंख्यांच्या टोकांचा पिवळा रंग आधी पांढऱ्यावर मारा, काळ्यावर तो मेलेला दिसतो.

मग येतो तो उघड्या धातूचा रंग. याचे कौतुक आणि तक्रार दोन्ही याच परिच्छेदात. मी अल्क्लॅडचे लॅकर वापरले: खाली चकचकीत काळा, त्यावर अगदी कमी दाबाने धातूचे पातळ थर. प्रकार उत्तम आहे, पण खालचा पृष्ठभाग जसा असेल तसाच वर दिसतो. बारीकसा ओरखडाही लपत नाही. तयारीला रंगाच्या तिप्पट वेळ ठेवा. आणि कोकणात, मुंबईत किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये हे काम हाती घेऊ नका. हवेतल्या दमटपणाने चकचकीत थरावर पांढुरका पडदा येतो. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर असला तरी खोलीतल्या हवेचे काय करणार? मी पावसाळ्यात कापाकापी, घासणे आणि आतले काम उरकले आणि रंग ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात केला. ज्यांना फक्त सुटीत वेळ मिळतो त्यांनीही वेळापत्रक असेच आखावे.

एकच चंदेरी रंग सगळीकडे मारला तर विमान खेळण्यातले दिसते. खऱ्या डाकोटाचे रडर, एलिव्हेटर आणि एलेरॉन, म्हणजे शेपटीचे आणि पंखांचे विमान वळवणारे हलते भाग, कापडाने मढवलेले असत आणि त्यांवर चंदेरी डोप, म्हणजे कापड ताणून धरणारा लेप, चढवलेला असे. धातूच्या चकाकीपुढे तो मंद आणि राखाडीकडे झुकणारा. हा फरक केलात की जाणकार माणूस लांबूनही थबकतो. फ्लॅप मात्र धातूचे, त्यांना कापडाचा रंग देऊ नका. बाकी पत्र्यांत दोन-तीन छटा पुरतात. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन करण्याचा मोह टाळा.

विमानाच्या नोंदणीची अक्षरे डेकलने, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पातळ पट्टीने, करायची की रंगाने? उघड्या धातूवर डेकलची पारदर्शक कड, ती मऊ करणारे मायक्रोसोल कितीही लावले तरी, उजेडात चमकते. मी अक्षरे संगणकावर आखली आणि गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून त्यांचे मास्क, म्हणजे रंग मारण्यासाठी चिकटवायचे साचे, कापून घेतले. त्याचे यंत्र सहा-सात मिलिमीटरचे अक्षर स्वच्छ कापते. त्या स्टिकरचा चिकटपणा मात्र जहाल असतो, लॅकर उचलून नेईल. सुती कापडावर चार-पाच वेळा चिकटवून काढला की तो ताब्यात येतो. काळ्या अक्षरांची कड इतकी नेटकी आली की पुढच्या प्रत्येक धातूच्या विमानाला मी हेच करणार. दारावरच्या बारीक सूचना तेवढ्या डेकलच्या.

रंगसंगती जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून ठरवत असाल तर एक सावधगिरी. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा दिसतो आणि निळा फिकट. त्यामुळे गडद पट्टा म्हणजे काळा किंवा निळाच, असे धरून चालू नका. त्याच कंपनीची जाहिरात, सामानाचे लेबल किंवा वेळापत्रकाचे मुखपृष्ठ मिळाले तर रंगासाठी तो जास्त भरवशाचा पुरावा.

घडणीच्या तपशिलासाठी खरी विमाने अजून आहेत हे आपले भाग्य. पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात डाकोटा आहे. बिजू पटनाईकांच्या कलिंग एअरलाइन्सचा व्हीटी-एयूआय नोंदणीचा डाकोटा कोलकात्याहून भुवनेश्वरला आणून तिथे मांडला आहे. आणि हवाई दलाचा ‘परशुराम’, व्हीपी ९०५, तर २०१८पासून भारतात उडतो आहे. तो लष्करी रंगात असला तरी चाकांची कमान, ब्रेकच्या नळ्या, नॅसेलखालचे (इंजिनाच्या घरट्याखालचे) तेलाचे ओघळ यांसाठी त्याची छायाचित्रे सोन्यासारखी आहेत. ओघळ मात्र बेताने करा. प्रवासी कंपन्या विमाने पुसत असत.

आता शोकेसमधल्या महिन्यांचा हिशेब. धातूच्या भागावर मी वार्निश मारले नाही आणि तो निर्णय टिकला. चकाकी जशीच्या तशी आहे. अक्षरांभोवती प्रयोग म्हणून जिथे चकचकीत वार्निश मारले तिथे अगदी हलकी पिवळसर झाक जाणवते. हाताळताना सुती हातमोजे घालतो, नाहीतर बोटांचे ठसे उठतात. अँटेनासाठी लवचिक धागा वापरला होता, तो साफसफाईच्या वेळी दोनदा हाताला लागूनही तुटला नाही, सैलही पडला नाही. ताणलेल्या स्प्रूची (किटच्या चौकटीतल्या उरलेल्या प्लास्टिकची) तार एव्हाना केव्हाच गेली असती. एका सूचनेच्या डेकलची कड उचलली गेली, ती डेकल बसवण्याच्या मायक्रोसेट द्रावणाने परत बसली. धुळीसाठी अॅक्रिलिकचे झाकण करून घेतले आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवतो, दर महिन्याला बदलतो.

नवख्याने हे पहिले विमान म्हणून घेऊ नये, आधी एखादे रंगीत विमान करून सांध्यांवर हात बसू द्यावा. पण ज्याने चार-पाच किट केले आहेत त्याने दुसरे काही घेण्याआधी हे घ्यावे. खरेदीचा क्रमही सांगून ठेवतो: आधी ज्या विशिष्ट विमानाचे मॉडेल करायचे त्याच्या डाव्या बाजूचे, मागचा दरवाजा स्पष्ट दिसणारे छायाचित्र मिळवा, मग आसनांसाठी प्लास्टिकच्या पट्ट्या आणि सिलिकॉन, आणि किट सर्वांत शेवटी.