नाक चोंदलंय: थेंब घ्यावेत की स्टेरॉइडचा स्प्रे?

दिवाळीच्या सुमारास जळगाव-धुळ्याकडे कापसाचे जिनिंग सुरू होतात, नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची पडते आणि आमच्या घरात शिंका सुरू होतात. मेडिकलवर नाक चोंदल्याचं सांगितलं की थेंबांची बाटली पुढे येते. डॉक्टरांकडे गेलं तर बहुधा स्टेरॉइडचा स्प्रे लिहून मिळतो.

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनच्या थेंबांनी दहा मिनिटांत नाक मोकळं होतं. हीच त्यांची गोम. पाच-सात दिवसांपुढे घेतले, की असर उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं. मी ही बाटली तीन महिने उशीखाली घेऊन झोपलोय. बीपी असेल तर विचारल्याशिवाय नकोच.

फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनच्या स्प्रेला धीर लागतो. पूर्ण गुण यायला दोन आठवडेही जातात. ‘स्टेरॉइड’ म्हटलं की घरचे दचकतात: वजन वाढेल, हाडं ठिसूळ होतील. ती भीती मुख्यतः पोटात घ्यायच्या, दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्यांची. या दोन स्प्रेंचा 2 टक्क्यांहून कमी भाग रक्तात पोचतो. बुडेसोनाइडचा बराच जास्त.

त्रास नाहीच असं नाही. नाक कोरडं पडणं, जळजळ, खपल्या, घशात कडवट चव. सगळ्यात जास्त तक्रार घोळणा फुटण्याची, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो स्प्रेवाचूनही फुटतो! मधल्या पडद्याला भोक पडणं क्वचितच, पण नळी सरळ पडद्यावर रोखू नये. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात, नळीचं तोंड त्याच बाजूच्या कानाच्या दिशेला. मारल्यावर लगेच नाक शिंकरायचं नाही. हात बदलल्यापासून माझ्या रुमालावरचे लाल ठिपके थांबले.

लहान मुलांना वर्षानुवर्षं द्यायचा असेल तर उंची मोजत राहावी, वाढ थोडी मंदावू शकते. एचआयव्हीच्या औषधांत रिटोनाविर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, फ्लुटिकासोन त्याच्यासोबत अंगात साठतं.

माझं मत विचाराल तर चार दिवसांच्या सर्दीला थेंब, तेही पाच दिवसच. दर हंगामी ॲलर्जीला स्प्रे. नुसत्या शिंका आणि खाज असेल तर सेट्रिझिनही चालते, पण झोप येते, गोळी घेऊन मोटरसायकल काढू नका.

आमच्या काकांना काचबिंदू आहे. स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून त्यांनी स्प्रेची बाटली फोडायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तोवर मिठाच्या पाण्याच्या स्प्रेवर भागवताहेत.