घरदुरुस्तीसाठी महापालिका काय देते? नारायण पेठेतल्या एका घराच्या निमित्ताने

पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात माझ्या आत्याच्या मालकीच्या तीन खोल्या आहेत. भिंती विटा-मातीच्या, तुळया सागवानी, वर कौले. गेल्या पावसाळ्यात माजघरातली ओल वाशांपर्यंत चढली, तेव्हा तिने विचारले, ‘इतकी वर्षे घरपट्टी भरतोय, मग घर सांभाळायला महापालिका काही देते का रे?’ त्या प्रश्नापायी ज्या तरतुदी मी तपासल्या, त्यांच्याविषयीचा हा अभिप्राय आहे.

सर्वांत आधी नाव येते ते २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेचे. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या, वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला तिच्या एका घटकातून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये, कामाच्या टप्प्यांनुसार मिळण्याची सोय होती. रक्कम लहान नाही. पण देशात कुठेही पक्के घर नसणे ही तिची मूळ अट, आणि अस्तित्वातल्या घराची ‘वाढ’ करायची तर किमान ९ चौरस मीटर चटईक्षेत्राची भर घालणे आवश्यक. गळकी कौले बदलणे किंवा वाळवी लागलेली तुळई काढून नवी बसवणे ही त्या व्याख्येत वाढ नव्हे. ही योजना घर बांधणाऱ्यासाठी आहे, राखणाऱ्यासाठी नाही, हे आत्याला समजावताना मलाच अवघडल्यासारखे झाले.

राखण्याची जबाबदारी मात्र कायद्याने नेमकी सांगितलेली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार धोकादायक बांधकाम उतरवण्याची, त्याला आधार देण्याची किंवा ते दुरुस्त करण्याची नोटीस मालकाला देता येते. आणि कलम २६५-अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी लागते. दोन्ही तरतुदी योग्यच आहेत, कारण दर पावसाळ्यात पेठांतल्या एखाद्या वाड्याची भिंत ढासळल्याची बातमी येतेच. पण तपासणीचे शुल्क, टेकूंचा खर्च आणि पुढची दुरुस्ती हे सारे मालकाच्याच खिशातून जाते. मुंबई शहरात १९६९ च्या कायद्यापासून जुन्या इमारतींकडून उपकर घेऊन त्यातून दुरुस्ती करणारे मंडळ आहे, मग ते कसेही चालत असो. पुण्यातल्या वाड्यांना तसे काहीच नाही.

उरते ती घरपट्टी, आणि दुरुस्तीसाठी म्हणून खरोखर काही मिळते ते येथेच. करपात्र मूल्य ठरवताना वार्षिक भाडेमूल्यातून देखभाल-दुरुस्तीपोटी वजावट दिली जाते. पुण्यात ही वजावट १९७० पासून १५ टक्के होती. १ एप्रिल २०२३ पासून ती कायद्यातल्या १० टक्क्यांवर आली. समजा भाडेमूल्य ४०,००० रुपये आहे, तर वजावट ६,००० वरून ४,००० रुपयांवर येते. मधल्या २,००० रुपयांवर आता कर द्यावा लागतो, म्हणजे वर्षाला काहीशे रुपयांचा फरक. एवढ्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही भागत नाही. शिवाय दुरुस्ती केली काय, न केली काय, वजावट तेवढीच. ज्याने घर पडू दिले त्यालाही तीच मिळते. मला या सगळ्यात खटकलेली गोष्ट ही.

त्या मानाने स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी ४० टक्के सवलत भरीव आहे. मधल्या काळात काही घरांची ती काढून घेतली गेली होती, २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. ज्यांच्या बिलात ती दिसत नाही त्यांनी घरात स्वतः राहत असल्याचे महापालिकेला कळवणारा पीटी-३ अर्ज भरावा. आत्याच्या बिलात ती आधीपासूनच होती. त्यातून वाचलेले पैसे एका वेगळ्या डब्यात टाकण्याची तिची जुनी सवय आहे, आणि या वैशाखात कौले चाळून घेण्याचा खर्च त्याच डब्यातून झाला.

घरपट्टीतल्या सवलतीला माझ्याकडून पाचापैकी साडेतीन गुण. घरदुरुस्तीच्या मदतीला एक, तोही नोटीस वेळेवर निघते म्हणून. तुळईचे काम अजून बाकी आहे. सुताराने दसऱ्यानंतरची तारीख दिली आहे.