कथा संपवू की नकाशा?

‘द विचर 3’ (2015) हा व्हिडिओ गेम सुरू केलेल्यांचा नेहमीचा पेच.

वेळ: मुख्य कथा साधारण 50 तास, सगळं करायचं तर दीडशेच्या पुढे.

नुकसान: नुसती कथा पळवलीत तर कथेतल्या ‘आइल ऑफ मिस्ट्स’ या बेटाला निघताच काही साइड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरच्या मोहिमा) कायमच्या बाद होतात आणि केअर मोरहेन किल्ल्याच्या लढाईत साथीदार कमी पडतात. हे खरंच मनाला लागतं.

मजा: स्केलिगे बेटांच्या समुद्रातली प्रश्नचिन्हं (नकाशावरच्या न पाहिलेल्या जागांच्या खुणा) म्हणजे निव्वळ हमाली. होडी थांबवा, सायरन (उडत्या राक्षसिणी) पाडा, बुडी मारा, पेटी उपसा, पुन्हा तेच. ट्रॉफ्यांनाही (गेममधल्या कामगिरीच्या बक्षिसांनाही) ती लागत नाहीत (ग्वेंट या गेममधल्या पत्त्यांच्या खेळाचे पत्ते मात्र लागतात!).

वेळ तुटपुंजा असेल तर कथा आणि साथीदारांच्या क्वेस्ट करा. ट्रॉफीवाल्यांनी पत्ते जमवावेत. प्रश्नचिन्हं पुसायला फक्त ज्यांना रिकामा नकाशा बघूनच झोप लागते त्यांनी जावं.