मोरीच्या पाण्यासाठी वाळूची टाकी की कर्दळीचा वाफा?

आंघोळीचे आणि कपडे धुण्याचे पाणी पुन्हा वापरण्याचे हे दोन्ही प्रकार मी नाशिकच्या इंदिरानगरातील घरी वापरून पाहिले आहेत. आधी वाळू-कोळशाची गाळणी, तिच्याखाली साठवण टाकी व पंप होता. आता खडीत लावलेल्या कर्दळीचा वाफा आहे. स्वयंपाकघरातील तेलकट पाणी दोन्ही वेळा वेगळेच ठेवले होते.

टाकीची बाजू कागदावर भक्कम आहे. माणशी रोज 135 लिटर हे आपल्याकडचे शहरी मानक धरले, तर त्यातील 75 लिटर आंघोळ व कपड्यांना आणि 30 लिटर फ्लशला जातात. म्हणजे गंगापूर धरणातून आलेले, शुद्ध केलेले पाणी शौचालयात ओतण्याऐवजी मोरीचेच पाणी तेथे सहज पुरावे. शिवाय टाकीला जागाही थोडीच लागते.

वाळूवर साबण, केस आणि कपड्यांचा लव साचून जी पांढुरकी साय धरते, ती दर आठवड्याला खरवडणे मी सोसले असते. वास मात्र सोसला नाही. असे पाणी 24 तासांहून अधिक साठले की त्यातील प्राणवायू संपत जातो आणि पुढे हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ लागतो, हे मला वाचून ठाऊक होते. परंतु दिवाळीत चार दिवस गावी जाऊन परतल्यावर पहिला फ्लश दाबला, तेव्हा कुजक्या अंड्यांचा वास थेट दिवाणखान्यापर्यंत आला. भाऊबीजेला आलेल्या बहिणीने, ड्रेनेज तुंबले आहे का, असे अगदी सौम्यपणे विचारले. टाकीचे भवितव्य माझ्या मनात त्याच दिवशी ठरले.

वाफ्यात पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून सरकते, वरची चार बोटे खडी कोरडी राहते, त्यामुळे निदान आमच्याकडे डास व वास दोन्ही नाहीत. खडीवरचे आणि मुळांवरचे जिवाणू घाण पचवतात. आम्ही प्रवेशापाशी बसवलेली जाळी धुतो व वाढलेली कर्दळ कापतो. बाहेर पडणारे पाणी चिकू-पेरूला जाते. आपल्या काळ्या मातीत सोडियम साचले तर ती ओली असता चिकट व वाळल्यावर टणक होते, म्हणून कपड्यांची पावडर सोडून द्रव साबण घ्यावा लागला. पावसाळ्यात बागेला पाण्याची गरज नसते, तेव्हा व्हॉल्व्ह फिरवून सगळे गटारात सोडतो. तेवढे पाणी वाया जाते, हे खरे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना बहुधा टाकीच घ्यावी लागेल. त्यांनी ती रोजच्या रोज रिकामी होईल एवढीच लहान घ्यावी, असे सुचवतो. माझी हजार लिटरची होती आणि चौघांच्या घराला ती फारच मोठी पडली, हेही सांगणे न्यायाचे ठरेल.